रक्तातले किती, ताटातले किती?

मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि पुढच्या दहा मिनिटांत कोल्हापुरातल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या दस्तरखानावर भजी, समोसे, कबाब, कापलेली फळे आणि सरबत यांची गर्दी होते. तरावीहची नमाज आटोपून मंडळी बाहेर पडली की चहाच्या गाड्याभोवती कोंडाळी जमतात. ऊस, राजकारण, फुटबॉल असे विषय फिरत फिरत अलीकडे एका ठिकाणी येऊन थांबतात. अमक्याच्या थोरल्याला काल सीपीआरला नेले, वय अवघे 42, दोन ब्लॉकेज निघाले. ऐकणारा मान हलवतो. "त्यांच्या खानदानातच हाय ते. बाप पण असाच गेला की!" चहाचा ग्लास रिकामा होतो आणि विषयही संपतो.

'खानदानातच आहे' हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे सहसा कोणी बोलत नाही, कारण ते बोलायचे तर आपल्या स्वयंपाकघराकडे, खिशातल्या पुडीकडे आणि घरातल्या सुनेच्या ताटाकडे पाहावे लागते.

आधी ब्लॉकेज म्हणजे काय ते पाहू. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कुठून मिळते? तेराव्या शतकात दमिश्कमध्ये शिकलेल्या आणि पुढे काहिऱ्यात नाव कमावलेल्या इब्न नफीस या हकिमाने याचे उत्तर देऊन ठेवले होते. हृदयाचे पोषण त्याच्या कप्प्यात भरलेल्या रक्तातून होत नाही, तर हृदयाच्याच अंगात पसरलेल्या वाहिन्यांतून होते, असे त्याने इब्न सिनाच्या ग्रंथावरील भाष्यात लिहिले. या मुख्य वाहिन्यांची आतली रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते. सरबताच्या नळीपेक्षाही कमी.

पाण्याच्या नळाला आतून गंज चढतो, तशी चरबी रक्तवाहिनीला आतून चिकटते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती भिंतीच्या आत, गिलाव्याखाली साचते. रक्तातून फिरणारे 'एलडीएल' नावाचे कोलेस्टेरॉलचे कण वाहिनीच्या नाजूक अस्तरातून आत शिरतात. तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि साखर यांनी अस्तर आधीच दुखावले असेल तर त्यांचे काम सोपे होते. आत अडकलेले हे कण खायला पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांचा लगदा, त्यावर तंतूंचे आवरण, पुढे त्यात कॅल्शियम, असा थर वर्षानुवर्षे वाढत जातो. यालाच डॉक्टर प्लाक म्हणतात. आवरण जाड असेल तर माणूस छातीत थोडे भरून येण्यावर निभावून नेतो. पण ते पातळ असेल आणि एखाद्या पहाटे फुटले, तर त्या जागी काही मिनिटांत रक्ताची गाठ धरते. कालपर्यंत रंकाळ्याला फेऱ्या मारणारा माणूस आज अचानक जातो, तो असा.

आणि हे काम म्हातारपणी सुरू होत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय 22 होते आणि त्यांतल्या 77 टक्क्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांत या रोगाच्या खुणा होत्या. म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावर बसण्याच्या वयातच गिलाव्याखाली काहीतरी साचू लागलेले असते.

आता खानदानाचा वाटा. त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जुळ्या भावंडांकडून मिळाला. स्वीडनमधल्या 21,004 जुळ्यांची माहिती अनेक वर्षे गोळा करून 1994 मध्ये निष्कर्ष मांडले गेले. पुरुषांत एक जुळा भाऊ 55 वर्षांच्या आत हृदयविकाराने गेला, तर अगदी एकसारख्या जुळ्यांत दुसऱ्याचाही धोका आठपट झालेला दिसला. दिसायला वेगळ्या असणाऱ्या जुळ्यांत तो चौपटीच्या जवळ होता. घर दोघांनाही एकच, चूल एकच. फरक फक्त रक्तातल्या साम्याचा.

या वारशाचे काही धागे आता नावानिशी माहीत आहेत. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे जणू हात असतात. ते हात बनवणाऱ्या जनुकातच खोट असेल तर कोलेस्टेरॉल रक्तात तसेच फिरत राहते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना हे उलगडल्याबद्दल 1985 चे नोबेल मिळाले. अशी खोट साधारण 250 माणसांत एकाला असते. हे प्रमाण कोल्हापूर शहराच्या 2011 च्या जनगणनेतल्या साडेपाच लाख लोकसंख्येला लावले, तर दोन हजारांवर माणसे निघतील. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल, कारण हा रोग दुखत नाही. एलडीएल 190 च्या वर, पापण्यांवर पिवळट डाग, टाचेमागच्या शिरेवर टणक गाठी, एवढ्याच त्याच्या खुणा, आणि त्याही प्रत्येकात दिसत नाहीत. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला ही खोट असली, तर प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते.

इथे एक गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलली पाहिजे. आपल्याकडे चुलत, मावस, आते-मामेभावंडांत लग्ने होतात. मामाच्या मुलीची सोयरीक तर पश्चिम महाराष्ट्रातल्या मराठा, धनगर आणि इतर कितीतरी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तेव्हा यात एकट्या मुस्लिमांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. पण एकाच आजोबांकडून आलेली खोट नवरा-बायको दोघांतही असली, तर चारांत एका मुलाला ती दोन्ही बाजूंनी मिळू शकते. असे मूल लाखांत एखादे असते, पण त्याचे कोलेस्टेरॉल पाचशेच्याही पुढे जाऊ शकते आणि मिसरूड फुटण्याच्या वयात त्याच्या छातीत दुखू लागते. दोन्ही घरांत चाळिशीच्या आत कोणी हृदयाने गेले असेल, तर सोयरीक ठरवताना रंग-उंचीची चौकशी करतात तशी रक्तातल्या कोलेस्टेरॉलचीही करायला हरकत नसावी. हुंडा-मानपानाच्या बोलण्यापेक्षा ती नक्कीच कमी लाजिरवाणी आहे.

दुसरा धागा 'लायपोप्रोटीन-ए' या कणाचा. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो 1963 मध्ये शोधला. तो रक्तात किती असणार हे नव्वद टक्क्यांहून अधिक जनुकेच ठरवतात. पथ्याने, व्यायामाने तो हलत नाही. भारतीय उपखंडातल्या साधारण चौघांपैकी एकात तो धोक्याच्या पातळीवर असतो. कधीही सिगारेट न ओढलेला, सडपातळ, नमाजी माणूस पन्नाशीच्या आत झटक्याने जातो आणि सगळे चक्रावतात, त्यामागे अनेकदा हाच कण असतो. याशिवाय लहान लहान परिणाम करणारी कितीतरी जनुके आहेत. एकेकटे कोणीच मोठे नाही, पण दहा-वीस दुबळे दुवे एका माणसात एकत्र आले की वजन पडते.

एवढे वाचून 'मग नशीबच' असे म्हणून ताट पुढे ओढायचे असेल, तर त्याआधी जपानी लोकांची गोष्ट ऐकावी. 1960 च्या दशकात संशोधकांनी तीन ठिकाणचे जपानी पुरुष तपासायला घेतले: जपानमध्येच राहिलेले, हवाई बेटांवर गेलेले आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले. रक्त एकच. पण हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वाधिक निघाला. समुद्र ओलांडला तसा भाताच्या जागी लोणी-मांस आले, चालणे गेले, गाडी आली. जनुके काही बोटीत बदलली नव्हती.

मूळचे केरळचे, कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातले डॉ. सलीम युसूफ यांनी 52 देशांतले रुग्ण घेऊन केलेला अभ्यास 2004 मध्ये आला. पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे 90 टक्के धोका मोजता येण्याजोग्या नऊ गोष्टींशी जोडता येतो, असे त्यात निघाले. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची आणि श्रमाची कमतरता या त्यांतल्या प्रमुख. याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतरत्र 59 च्या सुमारास, हेही दिसले. आपली सहा वर्षे कुठे गेली? मुख्यतः याच गोष्टी आपल्याकडे लवकरच्या वयात चिकटतात, असे त्या संशोधकांचे उत्तर होते.

कोल्हापूरकराला हे आकडे न वाचताही समजायला हवे, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तालीम आहे. गंगावेशीत म्हशीची धार काढून समोर दिलेले दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, असा खुराक ज्या पोरांनी घेतला त्यांनी पहाटे चारला उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारल्या होत्या. पुढे लग्न झाले, दुकानावर बसणे आले, गुडघा दुखू लागला. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. मुलांनी तर तालीम पाहिलीच नाही, खुराक मात्र 'आपल्या घराण्याची पद्धत' म्हणून उचलला. लंडनच्या दुमजली बसवर दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवले. आपल्याकडे बाप कंडक्टर आणि मुलगा चालक, असा प्रकार घरोघर झाला आहे.

रस्सा मात्र उगाच बदनाम आहे. तांबड्या रश्श्याची वाटी महिन्यातून दोनदा ओरपल्याने कोणाची वाहिनी बुजत नाही. वर तरंगणारा बोटभर कट, त्याच तेलात तिसऱ्यांदा तळलेली भजी आणि रोजचे वनस्पती तूप हे खरे गुन्हेगार. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि चांगले कोलेस्टेरॉल खाली आणते. जानेवारी 2022 पासून देशात तिला दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा काळे होईपर्यंत तापवणाऱ्याला ही मर्यादा कोण सांगणार?

आतापर्यंत रक्त आणि ताट अशी दोनच खाती मांडली. तिसरे खाते महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत उघडले गेले, आणि या विषयात जगभर त्याचे नाव घेतले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये या गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांची बाळे जन्मली तेव्हा सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची होती. बाळ लहान, हे अपेक्षितच होते. चकित करणारे निघाले ते दुसरेच. या किरकोळ बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. बारीक, तरी आतून चरबीदार.

याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे एकत्र छायाचित्रच छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन नेमके सारखे, निर्देशांक 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर उभे राहून 'आपण बारीक आहोत' असे समाधान मानणाऱ्या भारतीय माणसाने ते छायाचित्र पाहावे. पोटातली ही चरबी पुढे साखर, रक्तदाब आणि रक्तवाहिन्या या तिन्हींना बिघडवते.

हे रक्तातले म्हणायचे की ताटातले? आईच्या ताटातले, असे पुण्याच्या त्या गावांनी सांगितले. गरोदरपणात ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे मोठी होती. नुसते भाकरीचे पोट भरणे पुरत नव्हते. म्हणजे ज्याला आपण खानदानी दोष समजतो, त्यातला काही भाग मागच्या पिढीतल्या एखाद्या सुनेच्या उपाशीपणाचा असतो. रमजानमध्ये पहाटे तीनला उठून साऱ्या घराची सहरी करणारी, आणि सगळे उठल्यावर उरलेल्या रस्श्यात रोटी बुडवून अजानच्या आत दोन घास घेणारी सून आजही अनेक घरांत आहे. तिला दिवस गेलेले असतील तर शरियतने रोजातून सवलत दिली आहे, पण सासूने दिली आहे का, हे घराघरावर अवलंबून. तिच्या पोटातल्या नातवाचा हृदयविकार चाळीस वर्षांनी कोणीतरी 'खानदानातला' म्हणणार आहे.

मग या तिन्ही खात्यांची बेरीज कशी होते? अमेरिका आणि स्वीडनमधल्या 55,685 लोकांच्या माहितीवरून 2016 मध्ये याचे एक उत्तर मिळाले. ज्यांच्या जनुकांतला धोका सर्वांत मोठा होता, त्यांच्यातही तंबाखू नसलेल्या, वजन आटोक्यात, हालचाल आणि खाणे बरे असलेल्या लोकांना हृदयविकाराचा धोका तसे न वागणाऱ्यांपेक्षा 46 टक्क्यांनी कमी होता. जवळजवळ निम्मा. खानदान वाईट असलेल्यानेच पथ्य सोडण्यात सर्वांत जास्त तोटा आहे. तरी पथ्याने सगळे भागत नाही. यकृताचे हात जन्मतः तुटके असतील तर मेथी, लसूण आणि दुधीचा रस यांनी एलडीएल पुरेसे उतरणार नाही. तिथे गोळी लागते आणि ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. जपानचे अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या स्टॅटिन वर्गातल्या या गोळ्यांबद्दल मोहल्ल्यात जेवढ्या अफवा आहेत, तेवढी भीती कधी तंबाखूबद्दल दिसली नाही.

तंबाखूचा तर जिल्हाच शेजारी. निपाणीच्या विडी-तंबाखूच्या वासावर वाढलेल्या या भागात मशेरी, पुडी, विडी यांना कोणी व्यसन म्हणत नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि पानपट्टीवर त्याचा परिणाम किती, ते सर्वांना ठाऊक आहे. पण रमजानमध्ये हाच माणूस रोज तेरा-चौदा तास तंबाखूला हात लावत नाही. 'सुटतच नाही' म्हणणाऱ्याची ती तीस दिवस सुटलेली असते. अडचण होते ती मगरिबनंतर. खजूर-पाण्यामागोमाग पहिली सिगारेट ओढली जाते. दिवसभर कोरड्या राहिलेल्या शरीरात निकोटिन वाहिन्या आवळते आणि रक्त गोठण्याची ओढ वाढवते. त्यावर तळणाचे भरगच्च ताट आणि तासाभराने तरावीह.

ज्यांना स्टेंट बसला आहे त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिलेल्या असतात. दिवसा पाणी प्यायचे नाही म्हणून त्या परस्पर बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गाठ धरू शकते. बहुतेक गोळ्या सहरी आणि इफ्तारच्या वेळांत बसवता येतात, पण ते वेळापत्रक रमजानआधी डॉक्टरांकडून करून घ्यावे. रोजे झेपणारे नाहीत असे त्यांनी सांगितले, तर आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची किंवा फिदिया देण्याची मुभा आहेच. ही मुभा वापरणाऱ्याकडे 'याचा ईमान कच्चा' अशा नजरेने पाहणारे शेजारी मात्र अजून कमी झालेले नाहीत.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये जे मार्गदर्शन केले, त्यात पहिली कोलेस्टेरॉल तपासणी 18 व्या वर्षी करावी आणि घरात लवकर हृदयविकार झालेला असेल तर त्याही आधी, असे म्हटले आहे. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तरी तपासावे, असेही त्यात आहे. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची सक्तीही राहिलेली नाही. तपासणीपुरते रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. आणि आधीच ब्लॉकेज निघाले असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत, हृदयाने आजारी झाले होते का? बहुतेक तरुणांना याचे उत्तर येत नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत असतात तेव्हा घरातली एखादी फुफी किंवा नानी कोपऱ्यात बसलेली असते. तिला हे सगळे ठाऊक असते. दादा कुठल्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत, मधल्या चाच्याच्या डाव्या हाताला आधी मुंग्या कशा आल्या, कोणाला 'गॅस झालाय' म्हणून ओवा-पाणी देत रात्र काढली. नेमकी तारीख ती सांगू शकणार नाही. पण पंचगंगेला मोठा पूर आला होता त्याच्या आदल्या वर्षी, एवढे ती सांगेल. तो पूर 2005 चा की 2019 चा, हे विचारून घेतले की वय काढता येते.